आगीचे नियम मागच्या भिंतीशीच का थांबतात?

प्रति,
माननीय संपादक,

विषय : जंगलालगतच्या गृहनिर्माणासाठी अग्निसुरक्षेचे नियम अद्ययावत करण्याबाबत

महोदय,

आमच्या भागातील हमरस्त्यावर सध्या एका नव्या गृहप्रकल्पाचा भलामोठा फलक लागला आहे. त्यावर हिरवागार डोंगर, त्या डोंगराला टेकून उभे असलेले दोन मनोरे आणि ‘जंगलाच्या कुशीत तुमचे घर’ अशी ओळ आहे. मी गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीच्या चढावर पंचवीस वर्षे राहत असल्याने ते चित्र श्रावणातले आहे, हे मला लगेच कळते. तोच डोंगर फेब्रुवारीत पाहिला तर त्यावर कमरेएवढे वाळके गवत, करपलेली कारवी आणि सागाच्या पानांचा घोटाभर थर असतो. फलकावरचा हिरवा रंग खोटा नाही, पण वर्षातून चार-पाच महिनेच खरा आहे. उरलेल्या महिन्यांत त्या घरांच्या मागे जे उभे असते त्याला इमारत बांधणाऱ्याच्या भाषेत ‘व्ह्यू’ म्हणतात आणि वनखात्याच्या भाषेत ‘इंधन’. या दुसऱ्या शब्दाची दखल आपल्या बांधकाम नियमांनी आजवर घेतलेली नाही, म्हणून हे पत्र.

३ डिसेंबर २०१८ ची संध्याकाळ आमच्या भागातील कोणीही विसरलेले नसेल. साडेसहाच्या सुमारास आरे आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान यांना लागून असलेल्या डोंगरावर आग दिसली आणि पाहता पाहता उतारभर तिची नारिंगी रेघ पसरली. आमच्या नवव्या मजल्याच्या गॅलरीतून ती रेघ वर सरकताना स्पष्ट दिसत होती. अग्निशमन दलाचे बंब आले, पण ते खालीच थांबले, कारण डोंगरावर बंब चढेल असा रस्ताच नव्हता. जवान, वनकर्मचारी आणि पाड्यांवरची माणसे हातात ओल्या फांद्या घेऊन वर गेली आणि रात्री उशिरापर्यंत ज्वाळा झोडपत राहिली. आमच्या सोसायटीत मात्र दीड तास एकाच प्रश्नावर चर्चा चालली होती : फोन १०१ वर करायचा, महापालिकेच्या १९१६ वर करायचा, की वनखात्याच्या १९२६ वर? कोणीतरी तिन्हीकडे केला. त्यानंतर समितीच्या बैठकीत एक गृहस्थ म्हणाले, ‘आग आपल्या कंपाउंडच्या बाहेर होती ना?’ आणि विषय तिथेच संपला.

नियमही नेमके एवढेच म्हणतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आणि त्याखालील २००९ चे नियम यांनुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक एजन्सीकडून दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यावा लागतो. सोसायट्यांमध्ये त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. मी काही वर्षे सचिव होतो आणि त्याआधी पस्तीस वर्षे बांधकामाच्या क्षेत्रात काढली असल्याने या तपासणीला स्वतः उभा राहत असे. एका जानेवारीत तपासणीला आलेल्या तरुणाने पंप चालवून पाहिला, दाबमापकाचा काटा पाहिला, जिन्यातील होजरील ओढून पाहिली, लाल नळकांड्यांवरच्या मुदतीच्या तारखा लिहून घेतल्या. काम मन लावून करणारा मुलगा होता. सगळे झाल्यावर मी त्याला मागच्या भिंतीपाशी नेले आणि भिंतीवरून आत झुकलेले गवत दाखवले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘काका, हे आमच्या फॉर्ममध्ये येत नाही.’ त्याचे काहीच चुकले नव्हते. त्याच्या फॉर्मला इमारत ठाऊक आहे, डोंगर ठाऊक नाही. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या अग्निसुरक्षेवरील चौथ्या भागातही जिने, दरवाजे, आश्रयस्थाने, पाण्याच्या टाक्या यांचा बारकाईने विचार आहे, परंतु बाहेरून चालून येणाऱ्या वणव्यासाठी स्वतंत्र प्रकरण नाही. आग घरात लागते आणि बाहेर पडू पाहते, असेच आपल्या सगळ्या नियमांनी गृहीत धरले आहे.

त्या मागच्या भिंतीपाशी काय काय असते, हे जरा सविस्तर सांगतो, कारण नियम बदलायचे तर इथूनच सुरुवात करावी लागेल. प्रत्येक सोसायटीला पुढची बाजू देखणी हवी असते. त्यामुळे डिझेल जनरेटर मागे जातो, रोहित्र मागे जाते, ओल्या-सुक्या कचऱ्याची खोली मागे जाते. बागेतला पालापाचोळा झाडून तिथेच ढीग लावला जातो. कोणी घराचे नूतनीकरण केले की जुने प्लायवुड, गाद्या, तुटलेली कपाटे यांचा मुक्काम महिनोन्‌महिने तिथेच. पावसाळ्यासाठी आणलेली निळी ताडपत्री दिवाळीनंतरही तिथल्या शेडवर फडफडत असते. आमच्याकडे त्या भिंतीत एक लोखंडी फाटकही आहे. त्याला कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे आहे हे शोधायला मला एकदा चार दिवस लागले. थोडक्यात, जंगलाकडून एखादी ठिणगी आलीच तर तिला जे जे हवे ते सगळे आपण नेमके तिच्या वाटेवर मांडून ठेवले आहे.

मुंबईत एवढा पाऊस पडतो, इथे कसला आलाय वणवा, असे अनेकांना वाटते. गंमत अशी की, वणव्याची तयारी हा पाऊसच करतो. आपल्याकडे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, त्या जोरावर गवत माणूसभर वाढते आणि पुढचे आठ महिने ते उन्हात वाळत राहते. पाऊस जितका चांगला, तितके हिवाळ्यात वाळके गवत जास्त. त्यात घाणेरीसारखी झुडपे माजली की जमिनीवरची आग फांद्यांपर्यंत चढायला आयती शिडी मिळते. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग मरते. २०१६ नंतर ती २०२४ मध्ये फुलली. अशा बहरानंतर डोंगरावर तिच्या वाळलेल्या काड्यांचे रान उभे राहते. फोटो काढायला गर्दी करणाऱ्यांनी पुढच्या उन्हाळ्यातही तिथे एक फेरी मारावी.

राज्यात वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. जाळरेषा (आग अडवणारे मोकळे पट्टे) काढणे, हंगामी मजूर नेमणे ही कामे त्या बेताने होतात. विदर्भाच्या जंगलांसाठी ते ठीक असेल. पण आमच्या डोंगरावरची ती मोठी आग ३ डिसेंबरची होती, म्हणजे या वेळापत्रकाच्या अडीच महिने आधीची. मुंबईत दिवाळी, मग लग्नसराई, मग ३१ डिसेंबर, मग होळी असा फटाके आणि पेटत्या वस्तूंचा हंगाम सलग चालतो. उडते कंदील उडवण्यावर पोलीस बंदीचे आदेश काढतात आणि ते कंदील तरीही आमच्या डोक्यावरून डोंगराकडे जाताना दिसतात. आपल्या देशात बहुतांश वणवे माणसाच्या हातूनच लागतात, ही गोष्ट वनखाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे. तेव्हा मुंबईपुरते तरी हे वेळापत्रक दिवाळीनंतर लगेच सुरू झाले पाहिजे आणि सोसायट्यांची तपासणीही त्याला धरूनच व्हावी. जुलैच्या धो धो पावसात मागच्या भिंतीपलीकडचे गवत तपासून काय साधणार?

वाऱ्याचेही गणित आहे आणि ते उद्यानाच्या दोन्ही बाजूंना सारखे नाही. सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे हे जंगल पश्चिम आणि पूर्व उपनगरांच्या मधोमध आहे. दुपारी खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात. त्यामुळे मालाड, गोरेगावच्या बाजूने पेटलेली आग दुपारी वर, जंगलाच्या आत ढकलली जाते, तर भांडुप, मुलुंड आणि ठाण्याच्या बाजूला हाच वारा जंगलातला धूर आणि निखारे वस्तीकडे आणतो. रात्री वारा फिरला की आमची पाळी येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस पूर्वेचे कोरडे वारे जोर धरतात, खारे वारे उशिरा सुरू होतात आणि मुंबईचा पारा एकदम चढतो. त्या दिवसांत पश्चिमेच्या सोसायट्यांना दिवसाढवळ्याही धोका असतो. उताराचाही असाच हिशेब आहे. आग चढावर वेगाने धावते. दर दहा अंश चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा ऑस्ट्रेलियातील अग्निशमन कर्मचारी वापरतात. म्हणजे डोंगर कापून पायथ्याशी उभारलेली इमारत आणि डोंगराच्या खांद्यावर बांधलेली इमारत यांना एकच नियम लावून चालणार नाही. नकाशावर दोन्ही जंगलापासून तीसच मीटरवर दिसतील, पण धोका वेगळा असेल.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरातील पॅलिसेड्स आणि ईटन येथील वणव्यांत मिळून सोळा हजारांहून अधिक बांधकामे नष्ट झाली. तसे मुंबईत होईल अशी भीती घालण्याचा माझा हेतू नाही. तिथली घरे बहुतांशी लाकडी सांगाड्याची, आपली काँक्रीटची. तिथली आग झाडांच्या शेंड्यांवरून वादळी वाऱ्यासह धावते, आपली बहुधा जमिनीलगत सरपटते. काँक्रीटची भिंत गवताच्या आगीने पेटत नाही. पण काँक्रीट हा आता आपल्या इमारतीचा फक्त सांगाडा उरला आहे. त्यावर दर्शनी भागाची पॅनेले आहेत, बाहेरून उतरणारे प्लॅस्टिकचे पाइप आहेत, एसीची बाहेरची यंत्रे आहेत, गॅलरीत बांबूचे पडदे आणि वाळत घातलेले कपडे आहेत, पोडियमखाली दाटीवाटीने लावलेल्या गाड्या आहेत. बांधकाम चालू असलेल्या मनोऱ्याला तर संपूर्ण अंगभर हिरवी जाळी गुंडाळलेली असते. आणि धुराचे काय? २०१८ च्या त्या रात्री आमच्या मजल्यावर दोन वृद्ध दम्याचे रुग्ण होते. लिफ्ट चालू ठेवायची की बंद, त्यांना खाली न्यायचे की खिडक्या लावून घरातच बसवायचे, याचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शक सूचनेत नव्हते.

परदेशातून घ्यायचे ते घरांचे आराखडे नव्हेत, तर प्रत्येक मोठ्या आगीनंतर नियम पुन्हा उघडून पाहण्याची सवय. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत १७३ माणसे दगावली, आणि वणवाप्रवण भागातील बांधकामाच्या तिथल्या मानकाची सुधारित आवृत्ती त्याच वर्षी अमलात आली. त्या मानकात वनस्पतींचा प्रकार, त्यांच्यापासूनचे अंतर आणि जमिनीचा उतार पाहून प्रत्येक जागेची धोक्याची पातळी ठरते. अशा सहा पातळ्या आहेत, आणि बांधकामाचे साहित्य त्यानुसार ठरते. कॅलिफोर्नियात धोक्याच्या क्षेत्रातील घराभोवती १०० फुटांपर्यंतची जागा वाळक्या काडीकचऱ्यापासून मोकळी ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यातही घराला चिकटून असलेल्या पहिल्या पाच फुटांत पेट घेईल असे काहीच नको, अशी तरतूद २०२० च्या कायद्याने केली. ती प्रत्यक्षात आणताना तिथेही घरमालकांशी भरपूर वाद झाले. पाच फुटांच्या या अटीचे कारण असे की, घरे बहुधा ज्वाळांच्या लोटाने पेटत नाहीत, कित्येक मीटर पुढे उडून आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात, आणि निखारा पडतो तो भिंतीच्या कडेला साचलेल्या पाचोळ्यातच.

नियमांनी फरक पडतो का, याचेही उत्तर तिथे मिळाले आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये, म्हणजे आमच्या डोंगरावरच्या आगीच्या जेमतेम महिनाभर आधी, कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव जवळजवळ संपूर्ण जळाले आणि ८५ जणांचा मृत्यू झाला. तिथे २००८ च्या नव्या बांधकाम नियमांनंतर बांधलेल्या घरांपैकी सुमारे निम्मी शाबूत राहिली. त्याआधीच्या घरांपैकी मात्र पाचांत एकही धड वाचले नाही. पुढच्या अभ्यासांत असेही दिसले की, शेजारचे जळालेले घर किती जवळ होते, यावर घराचे वाचणे-न वाचणे मोठ्या प्रमाणावर अवलंबून होते. इमारतीला इमारत खेटून बांधणाऱ्या आपल्या शहराने हे दुसरे निरीक्षण जास्त लक्षपूर्वक वाचावे.

पाच फुटांच्या पट्ट्याची ही गोष्ट वाचली तेव्हा मला पाड्यावरच्या एका मावशींची आठवण झाली. पावसाळ्याच्या तोंडाशी त्या आमच्याकडे शेवळं घेऊन येतात आणि नंतर कर्टुली. एकदा मी त्यांना सहज विचारले, तुमच्या घरांना वणव्याची भीती नाही का वाटत? त्या म्हणाल्या, ‘दिवाळी झाली की आम्ही घराभोवती चार पावलं जमीन खरवडून काढतो. गवताची काडी ठेवत नाही. तुमच्या बिल्डिंगीच्या मागं कोण खरवडतं?’ मी गप्प बसलो. चार पावले म्हणजे पाच फुटांहून जास्तच जागा भरते.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर मतभेद होतील याची मला कल्पना आहे. मोकळा पट्टा हवा, हे मान्य झाले की लगेच कोणीतरी म्हणेल, मग भिंतीपलीकडची झाडे तोडा. याला माझा ठाम विरोध आहे. सुरक्षेचा पट्टा जंगलातून कापून घ्यायचा नाही, तो बांधणाऱ्याने स्वतःच्या भूखंडातून सोडायचा. ज्याला जंगलाच्या दर्शनाचे पैसे घ्यायचे आहेत, त्याने त्या शेजारामुळे येणारी जबाबदारीही स्वतःच्याच चटईवर घ्यावी. तसे झाले नाही तर अग्निसुरक्षेच्या नावाखाली दर प्रकल्पामागे जंगल दहा-वीस मीटर मागे हटेल आणि काही वर्षांनी पुढचा प्रकल्प त्या हटलेल्या कडेवर उभा राहील. प्रत्यक्षात यासाठी फार मोठी जागाही लागत नाही. उंच इमारतींभोवती बंब फिरण्यासाठी मोकळी जागा सोडावीच लागते. जंगलाला लागून असलेल्या भूखंडावर ही मोकळी, फरसबंद जागा जंगलाच्या बाजूलाच सोडायची, तिच्यावर पार्किंग, जनरेटर, कचराखोली यांना परवानगी द्यायची नाही आणि त्या बाजूच्या भिंतीलगत अग्निशमन दलाच्या नळीला जुळेल असे ६३ मिलिमीटरच्या कपलिंगचे पाण्याचे तोंड ठेवायचे, एवढे केले तरी निम्मे काम होईल. अशा भिंतीपाशी उभे राहून डोंगरावर पाणी मारता येते. २०१८ मध्ये बंब खाली थांबले तेव्हा नेमकी हीच सोय कुठेही नव्हती. त्या बाजूच्या दर्शनी भागाला ज्वलनशील पॅनेले नकोत आणि तळमजल्याच्या झरोक्यांना निखारा आत जाणार नाही इतकी बारीक धातूची जाळी हवी. बागेत लॉन आणि वाळणारी शोभेची झुडपे लावण्यापेक्षा सावली देणारी, बारमाही हिरवी देशी झाडे बरी. ती राखायची आणि त्यांच्या खालचा पाचोळा उचलायचा.

हे सगळे लिहायचे कुठे, हा प्रश्न अवघड नाही. मुंबईसाठी विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ आहे आणि तिच्यात फेरबदल करण्याची रीत महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ मध्ये दिलेली आहे. नगरविकास खाते चटईक्षेत्राच्या बाबतीत ती वेळोवेळी वापरतच असते. ठाण्याकडच्या, म्हणजे येऊर आणि घोडबंदरच्या बाजूला डिसेंबर २०२० पासूनची राज्याची एकत्रिकृत बांधकाम नियमावली लागू होते. उद्यानाची वेस एकाहून अधिक महापालिकांना सामाईक असल्याने बदल दोन्ही नियमावल्यांत एकाच वेळी व्हायला हवेत, नाहीतर कमी अटी असलेल्या बाजूला बांधकामे सरकतील. याशिवाय ५ डिसेंबर २०१६ च्या केंद्राच्या अधिसूचनेने उद्यानाभोवती सुमारे ५९ चौरस किलोमीटरचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र ठरवून दिले आहे आणि त्यासाठी क्षेत्रीय महायोजना करण्याची तरतूदही त्यात आहे. काही ठिकाणी हे क्षेत्र शंभर मीटर रुंद, तर काही ठिकाणी चार किलोमीटरपर्यंत आहे. वणव्याच्या धोक्याचा, उतार आणि वाऱ्यासह काढलेला नकाशा त्या महायोजनेचा भाग असावा आणि बांधकाम परवानगी देताना अग्निशमन दलाने तो समोर ठेवावा.

नव्या इमारतींचे नियम बदलले तरी जुन्या इमारती आहेत तिथेच राहणार. त्यांच्यासाठी फॉर्म बीला एक पानाची पुरवणी जोडावी आणि जंगलालगतच्या सोसायट्यांची तपासणी नोव्हेंबरअखेर करून घ्यावी. मागची बाजू मोकळी आहे का, फाटक उघडते का, त्याची किल्ली रात्रपाळीच्या रखवालदाराकडे असते का, पाण्याची नळी भिंतीपर्यंत पोहोचते का, एवढेच तपासायचे आहे. या किल्लीच्या बाबतीत मी हट्टी आहे, हे आमच्या समितीतील सर्वजण जाणतात.

वस्त्यांबद्दल लिहिले नाही तर हे पत्र अर्धवट आणि अप्रामाणिक होईल. जंगलाच्या कडेला मनोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त माणसे पत्र्याच्या घरांत राहतात आणि आगीने आजवर खरी किंमत वसूल केली ती त्यांच्याकडून. कांदिवली पूर्वेच्या दामूनगरमध्ये ७ डिसेंबर २०१५ रोजी आणि मालाड पूर्वेच्या आप्पापाड्यात १३ मार्च २०२३ रोजी शेकडो झोपड्या काही तासांत जळून गेल्या. दोन्ही ठिकाणी गॅसच्या टाक्या फुटत गेल्या, माणसे दगावली आणि चिंचोळ्या गल्ल्यांमुळे बंबांना आत शिरता आले नाही. या आगी वणव्याने लागलेल्या नव्हत्या. पण जंगल आणि वस्ती यांच्या सीमेवर आग दोन्ही दिशांनी जाते, आणि वस्तीत पेटलेले डोंगरात जायला एक झुळूक पुरते. नवे नियम करताना या वस्त्यांना ‘नियमबाह्य’ म्हणून यादीतून वगळले तर तो सगळ्यात मोठा घोटाळा ठरेल. आणि अग्निसुरक्षेचे कारण पुढे करून पुनर्वसनाशिवाय घरे हटवली गेली, तर तो त्याहून मोठा अन्याय होईल. पुनर्वसन व्हायचे तेव्हा होईल. तोवर दर गल्लीच्या तोंडाशी पाण्याची टाकी, पाड्यांपर्यंत बंब जाईल असा कच्चा का होईना रस्ता आणि वस्तीतील तरुणांना आग विझवण्याचे साहित्य व प्रशिक्षण, यांना कोणाच्या मालकी हक्काचा दाखला लागू नये.

शेवटी जबाबदारीचा प्रश्न. दोन वर्षांपूर्वी मागच्या गवताबाबत मी अर्ज केला, तेव्हा एका कार्यालयाने जागा दुसऱ्याची असल्याचे कळवले आणि दुसऱ्याने ती तिसऱ्याची असल्याचे. नावे घेण्यात अर्थ नाही. त्या तिन्ही टेबलांवरची माणसे सौजन्याने बोलली आणि तिघांकडचे नियम त्यांच्या-त्यांच्या परीने बरोबर होते. भारतीय वन अधिनियम, १९२७ चे कलम ७९ जंगलात हक्क असणाऱ्यांवर आणि लगतच्या गावांतील सरकारी सेवेतल्या माणसांवर वणव्याची खबर देण्याचे व तो विझवण्यास झटण्याचे बंधन घालते. शंभर वर्षांपूर्वी जंगलाच्या कडेला गाव असे, म्हणून कायद्यात गाव आले. आज तिथे हजार घरांचा मनोरा आहे आणि त्याच्यावर खबर देण्याचेही बंधन नाही. उपग्रहावरून वनसर्वेक्षण खात्याचे इशारे मोबाइलवर मिळू शकतात, त्यासाठी नोंदणी करता येते. पण उपग्रह दिवसातून मोजक्या वेळा डोक्यावरून जातो आणि त्याचे सर्वात बारीक दिसणेही ३७५ मीटरच्या चौकटीतले. संध्याकाळी साडेसहाला लागलेली आग त्याला दिसेपर्यंत रात्र व्हायची. नवव्या मजल्यावरून ती आम्हाला त्याच क्षणी दिसली होती. वनखाते, अग्निशमन दल, लगतच्या महापालिका आणि सोसायट्या यांच्यात एकच क्रमांक, एकच नकाशा आणि वर्षातून एक संयुक्त सराव ठरला तर या मनोऱ्यांचा टेहळणीसाठी तरी उपयोग होईल. बिबट्यांबाबत वनखात्याने २०११ पासून नागरिकांना सोबत घेऊन जी मोहीम चालवली, तिच्यामुळे आमच्यासारख्या सोसायट्या कचरा उघड्यावर न टाकण्यापर्यंत तरी पोहोचल्या. बिबट्या दिसला की आमच्या व्हॉट्सॲप गटावर मिनिटाला दहा संदेश येतात. डोंगरावर धूर दिसला की ‘कोणीतरी कचरा जाळत असेल’ एवढा एकच येतो.

कलम ३७ खालील फेरबदलासाठी हरकती-सूचना मागवाव्या लागतात आणि त्यात काही महिने जातात. पुढच्या दिवाळीपर्यंत काही हाती यायचे असेल तर मसुदा पावसाळ्यापूर्वी प्रसिद्ध व्हायला हवा. नगरविकास खात्याने आणि महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाने तो काढावा, सूचना पाठवणाऱ्यांत मी असेनच. आमच्या सोसायटीने मात्र मसुद्याची वाट न पाहता गेल्या सर्वसाधारण सभेत जनरेटर मागच्या भिंतीपासून हलवण्याचा ठराव मांडला होता. पुढच्या बाजूची शोभा जाईल, या कारणाने तो सात मतांनी फेटाळला गेला. फाटकाची दुसरी किल्ली तेवढी करून घेतली आहे. ती रखवालदाराच्या केबिनमध्ये, टेबलावरच्या खिळ्याला लावलेली असते.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक
दिंडोशी, गोरेगाव (पूर्व), मुंबई